पुढचा सूर!

"वहिनी, तुला पेटी येते ना? मग उद्या सकाळी चर्चमध्ये जाशील?"

नणंदेनं हे विचारलं तेव्हा मी तिच्या ओट्याशी भाकरी थापत होते. 2024 चा मे महिना. तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी तीन महिन्यांसाठी इंग्लंडला गेले होते. लेस्टर शहराजवळच्या एका खेड्यात तिचं घर आहे. ती तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. लेस्टरच्या गुजराती दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, त्यामुळे माझे दिवस भाकरी, तिची पथ्याची आमटी आणि खिडकीतून दिसणारा पाऊस यांत चालले होते. आणि अचानक हे चर्चचं आमंत्रण!

झालं होतं असं, की शेजारच्या आजी त्या गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. वय 76. बावन्न वर्षं त्याच बाकावर बसून वाजवताहेत. दुसऱ्या दिवशी ऑर्गन सुरात लावायला कारागीर येणार होता आणि त्याला मदत करणाऱ्या बाईंचा हात प्लॅस्टरमध्ये! आजींना बसून राहणारं कुणीतरी हवं होतं. काम एवढंच, की कारागीर सांगेल ती पट्टी दाबून धरायची. तीन तास. आणि मध्ये अजिबात बोलायचं नाही.

"पट्ट्यांचं मला काही वाटलं नाही," नणंद म्हणाली, "पण तीन तास न बोलणं तुला जमेल का, एवढीच शंका आहे."

आता मैत्रिणींनो, पेटी मला येते हे वाक्य खरं म्हणजे भूतकाळातलं. मी श्रीरामपूरची. नगर जिल्ह्याच्या त्या भागात ख्रिस्ती वस्ती पुष्कळ. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती शिक्षिका राहायच्या. आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. दर रविवारी त्या चर्चमध्ये पायपेटी वाजवायच्या. पायांनी आळीपाळीनं पायटे दाबायचे आणि दोन्ही हात पट्ट्यांवर. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाच्या वळणाची शेकडो ख्रिस्ती गीतं मराठीत लिहिली. 'स्मृतिचित्रे'मुळे लक्ष्मीबाई आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या, पण टिळकांची ही गाणी मी प्रथम ऐकली ती बाईंच्या पायपेटीवर. माझी पहिली बोटं त्यांनीच फिरवून घेतली. पुढे मी हार्मोनियमच्या तीन परीक्षा दिल्या. मग बी.ए., मग लग्न. लग्नात माझ्याबरोबर पेटीही सासरी आली. पहिली काही वर्षं ती हॉलमध्ये होती, मग आतल्या खोलीत गेली आणि मुलगा रांगायला लागला तशी माळ्यावर. कुणी मला वाजवू नको म्हटलं नाही. वाजव असंही कुणी म्हटलं नाही.

सकाळी आजींबरोबर गेले. दगडी चर्च, आत ओलसर गारवा. सवयीनं मी दारातच बूट काढायला वाकले. आजी म्हणाल्या, "अगं, राहू दे, फरशी बर्फासारखी आहे." मग ऑर्गनच्या बाकावर बसून त्यांनी पिशवीतून दुसरे बूट काढले. पातळ तळाचे, छोट्या टाचेचे, काळे. हे बूट रस्त्यावर कधीच घालायचे नाहीत, फक्त इथेच. कारण ऑर्गनला पायांसाठीसुद्धा एक वेगळी पट्ट्यांची रांग असते. मोठ्या, लाकडी तीसेक पट्ट्या. वाजवणारा तिच्यावर टाचेनं आणि चवड्यानं सूर वाजवतो. बुटाला खडा चिकटलेला असला तर लाकूड खराब होणार आणि तळ जाड असला तर पट्टी पायाला कळणार नाही. मी म्हटलं, चला, देवळाबाहेर चपला काढणाऱ्या बाईला हे समजायला अवघड नाही.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला ऑर्गन आठवतो. बालगंधर्वांच्या गाण्यामागे भरून राहणारा तो सूर. पण तो ऑर्गन म्हणजे पायपेटीचा थोरला भाऊ. त्याच्या आत आपल्या हार्मोनियमसारख्या पितळी पत्त्या असतात. चर्चमधला पाइप ऑर्गन निराळा. त्याच्या आत शेकडो, हजारो नळ्या उभ्या असतात आणि एक नळी एकच सूर देते. काही नळ्या बासरीसारख्या, म्हणजे हवा नळीच्या ओठावर फुटून सूर निघतो. काहींच्या बुडाशी पत्ती थरथरते, त्या आपल्या सनईच्या जातीच्या. काही लाकडाच्या, काही कथील आणि शिशाच्या मिश्रणाच्या. सगळ्यांत बारीक नळी पेन्सिलीएवढी. नेहमीच्या पट्टीतल्या सर्वांत खालच्या सुराची नळी आठ फुटांची. त्याच्या खालच्या सप्तकासाठी सोळा फुटांची आणि मोठ्या कॅथेड्रलमध्ये बत्तीस फुटांचीसुद्धा. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या ऑर्गनला 9,999 नळ्या आहेत. मी बसले होते तो त्यापुढे अगदीच घरगुती. तरीही पुढून दिसणाऱ्या नळ्यांमागे एक खोलीच्या खोली भरलेली होती. कारागीर शिडी घेऊन तिच्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

माझ्यासमोर पट्ट्यांच्या दोन रांगा, एकीच्या वर एक. दोन्ही बाजूंना ओढायच्या गोल खुंट्या, त्यांना स्टॉप म्हणतात. एक खुंटी ओढली, की नळ्यांच्या एका जातीला हवा मिळते. दुसरी ओढली, की दुसरी जात तिच्या जोडीला येते. हे म्हणजे फोडणीसारखंच. नुसती मोहरी घालायची की हिंग, कढीपत्ता, लसूण सगळंच, हे वाजवणाऱ्यानं ठरवायचं. बटण दाबल्यावर कुठूनतरी पंखा सुरू झाला आणि अख्ख्या लाकडी डोलाऱ्यानं श्वास घेतल्यासारखा आवाज आला. पूर्वी वीज नव्हती तेव्हा मागे उभं राहून माणसं भाता मारायची. तो लाकडी दांडा अजून तिथे आहे. त्याच्या शेजारच्या भिंतीवर भाता मारणाऱ्या पोरांनी आपली नावं कोरून ठेवलीत. वाजवणाऱ्याचं नाव आतल्या पाटीवर होतं, श्वास पुरवणाऱ्यांचं असं भिंतीवर. घरकाम करणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना याहून जास्त काय सांगायचं!

"पहिला सूर!" आतून आवाज आला. मी पट्टी दाबली.

एक जात आधी नीट लावून घ्यायची आणि मग बाकीच्या तिच्याशी जुळवायच्या, अशी ती पद्धत. दोन नळ्या एकत्र वाजल्या आणि सूर जुळलेला नसला, की 'वावंवावंवावं' अशा लाटा ऐकू येतात. आतला माणूस नळीच्या टोकावरची पत्र्याची टोपी हळूच ठोकून वरखाली करतो. लाटा मंदावतात, लांबतात आणि एका क्षणी थांबतात. दोन आवाजांचा एकच सूर होतो. तंबोरा जुळताना जे अंगावर येतं, तेच! मी एकदम डोळे मिटले. तेवढ्यात आतून "पुढचा!" आणि मी घाईघाईत शेजारची पट्टी दाबली. "तो नाही, एक सोडून!" आत नळ्या उजवी-डावीकडे वाटून उभ्या केलेल्या असतात, म्हणून एका बाजूचे सूर एक सोडून एक असे लावत जातात. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मध्येच फुलांची सजावट करणाऱ्या दोन बायका आल्या आणि त्यांनी व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला. आतून कारागीर ओरडला. आजी धावत गेल्या. थोडा वेळ इंग्रजी सभ्यतेत जेवढं भांडण बसतं तेवढं झालं. मग बायका फुलं ठेवून बाहेर बाकावर जाऊन बसल्या. माझ्या मनात आलं, उत्सवाच्या आदल्या दिवशी आपल्या देवळातही हेच. रांगोळीवालीला माईकवाला नको असतो आणि माईकवाल्याला रांगोळीवाली.

तीन तासांत मी एक शब्द बोलले नाही. नणंदेला अजून खरं वाटत नाही.

त्यानंतर आजींची आणि माझी गट्टीच जमली. नणंद दुपारी झोपली, की मी त्यांच्याकडे जायचे. किती बारीकसारीक गोष्टी त्या सांगायच्या! ऑर्गनच्या पट्टीवर बोट जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तेवढाच. लहानमोठा करायचा तर काही नळ्या एका लाकडी कपाटात बंद असतात. पायाशी एक पायटा असतो, तो दाबला की कपाटाच्या झडपा उघडतात. हवा तापली, की बासरीच्या जातीच्या नळ्या चढतात. सनईच्या जातीच्या तितक्या चढत नाहीत. म्हणजे उन्हाळ्यात एकाच घरात दोन भावांची तोंडं दोन दिशांना. म्हणून सुरात लावताना चर्चमध्ये रविवारी असतो तेवढाच उबारा ठेवावा लागतो. हिवाळ्यात हीटर फार लावला तर लाकूड सुकून तडकतं, मग हवा भलतीकडूनच निसटते. पूर्वी लोक ऑर्गनच्या पोटात पाण्याची बादली ठेवत, हवेत ओल राहावी म्हणून. आणि कधीकधी एखादा सूर अडकतो. बोट उचललं तरी वाजतच राहतो. "एकदा एका अंत्यविधीला असा अडकला," आजी म्हणाल्या, "पाद्रीसाहेब प्रार्थना म्हणताहेत आणि मागे हा एकच सूर. घरच्यांना वाटलं, मुद्दामच आहे. खूप छान झालं म्हणाले."

रविवारी मी त्यांच्याबरोबर उपासनेला जाऊन मागे बसले. पंचवीस-तीस माणसं, बहुतेक पांढऱ्या केसांची. फळीवर गीतांचे आकडे लावलेले. आजींच्या समोर एक छोटा आरसा, एसटीच्या ड्रायव्हरसारखा, कारण वाजवणाऱ्याची वेदीकडे पाठ. लग्नात नवरी दारात आली की नाही, तेही त्या आरशातच बघायचं. नवरी उशिरा येणं हा तिथलाही कुळाचार दिसतो. ती येईपर्यंत हातातलं संपलं तरी काहीबाही वाजवत राहावं लागतं. गाणं सुरू होण्याआधी त्या पहिली ओळ वाजवून दाखवतात आणि मग कडव्या-कडव्याच्या मध्ये नेमक्या तेवढ्याच थांबतात, जेवढ्यात म्हातारी माणसं श्वास घेऊ शकतील. "ऑर्गनला श्वास लागत नाही, तो विजेवर चालतो," त्या म्हणाल्या. "म्हणून वाजवणारीनं गाणाऱ्यांचा श्वास घ्यायचा असतो. सगळ्यांत अवघड काम हेच आहे. बाखसुद्धा त्यामानानं सोपा."

मी त्यांना विचारलं, "तुम्ही बाई म्हणून कधी कुणी अडवलं का?" त्या हसल्या आणि कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. एलिझाबेथ स्टर्लिंग नावाच्या बाईची गोष्ट मला त्यातून कळली. जन्म 1819 चा. लंडनमध्ये नावाजलेल्या ऑर्गनवादक होत्या. 1856 मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संगीताच्या पदवीसाठी आपली रचना पाठवली. रचना पसंत पडली. पण पदवी मिळाली नाही, कारण बाईला पदवी द्यायची सोयच विद्यापीठात नव्हती. ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली 1920 मध्ये. तोवर एलिझाबेथबाईंना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. त्या मात्र पुढेही वाजवत राहिल्या.

गंमत अशी, की ऑर्गनची सुरुवातच एका बाईपासून सांगतात. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरात क्टेसिबिअस नावाच्या कारागिरानं पाण्याच्या दाबावर चालणारा पहिला ऑर्गन बनवला. आणि तो वाजवायला त्यानं आपली बायको थाइस हिला शिकवलं, असं जुन्या ग्रीक लिखाणात आहे. नवऱ्यानं यंत्र बनवलं, वाजतं का ते बायकोनं बघितलं! मग पुढच्या काळात त्याच वाद्यासमोर बाई बसली, की लोकांना नवल वाटू लागलं. फ्रान्सच्या मारी-क्लेअर आलाँ (1926 ते 2013) यांनी बाखचं ऑर्गनसाठीचं सगळं संगीत एकदा नाही, तीनदा ध्वनिमुद्रित केलं. आणि मी परत आल्यावर, 2025 मध्ये बातमी वाचली, की रॉयल अल्बर्ट हॉलनं ॲना लॅपवुड या तरुण वादक मुलीला आपली पहिली अधिकृत ऑर्गनिस्ट नेमलं. तो ऑर्गन 1871 पासून तिथे आहे. मी ती बातमी नणंदेला पाठवली. ती म्हणाली, आजींनी कात्रण काढून फ्रिजला लावलंय.

पण हे सगळं छान छान सांगताना खरी गोष्ट राहायला नको. आजींचा ऑर्गन आजारी होता. भात्याचं मेंढीचं कातडं जुनं होऊन भेगाळलं होतं. मोठ्यानं वाजवलं, की हवा पुरत नसे आणि सूर रडायला लागे. कारागिरानं सांगितलेला खर्च हजारो पौंडांचा होता. शिवाय आजींच्या बोटांना संधिवात, आणि त्यांच्यानंतर वाजवणारं कुणीच नाही. जूनमध्ये चर्चच्या सभागृहात बैठक झाली. आजींनी मलाही नेलं, "तू आता ऑर्गनची माणूस आहेस" म्हणून.

त्या बैठकीला आसपासच्या गावांतले ऑर्गनवेडेही आले होते. असे लोक तिथे खरंच असतात, बरं का. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून गावोगावचे ऑर्गन बघत, वाजवत फिरतात. निवृत्त इंजिनिअर, शाळामास्तर, एक बसड्रायव्हर. चहा, केक आणि वाद. एकजण म्हणाला, इलेक्ट्रॉनिक ऑर्गन घ्या. आवाज जवळजवळ तसाच, खर्च कमी, सुरात लावायची कटकट नाही. दुसरा उसळला. म्हणाला, तो वीस-पंचवीस वर्षांत बाद होईल, सुटे भाग मिळणार नाहीत. हा शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि कातडं बदललं, की अजून दोन पिढ्या चालेल. तिसऱ्यानं सांगितलं, बंद पडलेल्या चर्चचे कितीतरी ऑर्गन इंग्लंडबाहेर युरोपात गेलेत, तिथे लोक प्रेमानं बसवून घेतात. आपलाही तसाच जाणार का? पाद्रीबाई (हो, तिथे आता बायकाही पाद्री आहेत) शांतपणे म्हणाल्या, की जुना ऑर्गन काढायचा तर धर्मप्रांताची लेखी परवानगी लागते, आणि दुरुस्त करायचा तर पैसे. शिवाय छप्परही गळतंय.

मग एक तरुण आई उठली. कडेवर मूल. ती म्हणाली, "तुम्ही सगळे वाद्याबद्दल बोलताय. पण वाजवणार कोण? माझ्या मुलीला इथे कुणी त्या बाकाला हातसुद्धा लावू देत नाही. कुलूप असतं."

सभागृह गप्प झालं. खरंच कुलूप होतं. मोडतोड होऊ नये म्हणून कधीतरी लावलेलं आणि मग तसंच राहिलेलं. कोपऱ्यात बसलेला कारागीर तेव्हा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "मी चाळीस वर्षं हे काम करतोय. वाजवून खराब झालेले ऑर्गन मी फार थोडे पाहिले. बंद ठेवून खराब झालेले मात्र सगळीकडे आहेत."

त्या दिवशी ठरलं ते असं. दुरुस्ती टप्प्याटप्प्यानं करायची, आधी भाता. पैशांसाठी महिन्यातून एक शनिवार दुपारचं वादन ठेवायचं. तिकीट नाही, जाताना पेटीत टाकाल तेवढे. आणि अट एकच, की आजींनी दोन मुलांना शिकवायला घ्यायचं. कुलूप काढायचं. आजी म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नव्हतं. नाहीतर मी दहा वर्षांपूर्वीच शिकवलं असतं."

बावन्न वर्षं वाजवणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही आपणहून म्हटलं नव्हतं. मैत्रिणींनो, हे वाक्य मला आजही टोचतं. त्यात चूक कुणाची, हे मला ठरवता येत नाही.

पहिल्या शनिवारच्या वादनाला मी होते. शेजारच्या शहरातला एक कॉलेजातला मुलगा वाजवायला आला होता. वाजवणारा नळ्यांच्या आड असतो, म्हणून त्याच्या पायांवर कॅमेरा लावून पुढे पडद्यावर दाखवत होते. त्याचे पाय बघून माझ्या शेजारच्या आजोबांनी मला हळूच सांगितलं, "नाचतोय बघा." विडॉरची टोकाटा म्हणून एक प्रसिद्ध रचना आहे, 1879 सालची. तिथे लग्न लागून जोडपं बाहेर पडताना हमखास वाजवतात. तिच्या शेवटी पायांतले खर्जातले सूर आले, तेव्हा बाक थरथरला, फरशी थरथरली. कानांनी नाही, पोटानं ऐकावं असं काहीतरी! आणि तरी हवा पुरत नव्हती. शेवटचा सूर जरा झुकलाच. सगळ्यांना कळलं. पेटीत त्या दिवशी बरेच पैसे पडले, ते कदाचित त्या झुकलेल्या सुरामुळेच.

आजींच्या दोन विद्यार्थिनींमध्ये एक त्या तरुण आईची मोठी मुलगी. दुसरी नणंदेच्या हॉस्पिटलातल्या केरळच्या नर्सची, तेरा वर्षांची. तिचे पाय जेमतेम पोचायचे. मी निघायच्या आधी ती एक गीत न अडखळता वाजवत होती आणि तिच्यासाठी आजींनी आपले पहिले ऑर्गनचे बूट शोधून ठेवले होते. बूट दोन मापं मोठे होते.

ऑगस्टमध्ये घरी आले. आठ दिवस जेट लॅग, पाहुणे, राखी, बचत गटाच्या थकलेल्या नोंदी. नवव्या दिवशी मुलाला शिडी धरायला लावली आणि पेटी माळ्यावरून उतरवली. भात्याला उंदरांनी कुरतडलं होतं. तीन रीड गंजलेले. पेटीदुरुस्तीवाल्यानं ती उघडली, फुंकर मारली आणि म्हणाला, "ताई, वाजवत राहिला असता तर हे झालं नसतं." मला हसूच आलं. इतक्या लांब जाऊन जे ऐकलं, तेच हा माणूस सांगत होता.

मग माहेरी गेले तेव्हा त्या चर्चमध्येही जाऊन आले. बाई आता नाहीत. पाळकसाहेबांना बाईंचं नाव सांगितलं, तर त्यांनी स्वतः मागची खोली उघडून दिली. आता कीबोर्ड वाजवतात. चांगला आहे, लाइट गेली तरी बॅटरीवर चालतो. त्यांचं काही चुकलं नाही. पायपेटी कापडाखाली होती. मी पायटे दाबले, तर हवेचा नुसता फुसकारा. पण मधल्या सप्तकातला एक सूर लागला. अगदी बारीक, दम लागल्यासारखा. बाई त्याच सुरापासून मला शिकवायच्या की नाही, आता आठवत नाही. मी आपली तो धरून बसले. बाजूला महिला मंडळाच्या दोघीतिघी उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "हे दुरुस्त होतं का हो?" मी म्हटलं, "होतं. पण आधी सांगा, वाजवणार कोण?"

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकीनं हळूच हात वर केला. म्हणाली, लग्नाआधी थोडं शिकले होते.

पायपेटीची दुरुस्ती अजून व्हायची आहे. वर्गणी जमतेय. माझी पेटी मात्र दुरुस्त झाली आणि पुन्हा माळ्यावर गेली नाही. गुरुवारी आमच्या भजनी मंडळात मी ती वाजवते. बोटं अडखळतात. बायका गाताना मी त्यांचा श्वास घ्यायचा प्रयत्न करते. आजी म्हणाल्या होत्या, तेच सगळ्यांत अवघड आहे.

तुमच्या माळ्यावर काय आहे? पेटी असेल, शिवणयंत्र असेल, रंगांचा डबा असेल, नाहीतर अर्धवट राहिलेला एखादा परीक्षेचा फॉर्म. कुणी वाजव म्हणेल याची वाट बघू नका. आणि शेजारणीच्या माळ्यावरही काहीतरी असणार. तिला तेवढं विचारायचं विसरू नका.